22 अंशांची सकाळ, 33 अंशांची दुपार

डिसेंबरात आमच्या औषध तपासणीच्या लॅबचं कुलूप काढलं की मी आधी शेल्फवरची ग्लेशियल (जवळजवळ बिनपाण्याच्या) ॲसेटिक ॲसिडची बाटली तिरकी करून बघते. आतलं हललं नाही तर समजायचं, रात्री साताऱ्यात थंडी चांगलीच पडली. साधारण 16.6 अंशांना हे ॲसिड गोठतं. मग टबात कोमट पाणी घ्यायचं, झाकण जरा सैल करून बाटली त्यात ठेवायची. ज्योतीजवळ अजिबात न्यायची नाही, वाफ पेट घेते. अजिंक्यताऱ्यावरचं धुकं विरेपर्यंत ती पातळ होते.

याच ॲसिडात परक्लोरिक ॲसिड मिसळून केलेल्या द्रावणावर आमचं निम्मं काम चालतं. बरीच औषधं दुर्बल अल्कली असतात. पाण्यात त्यांचं टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबाने ॲसिड घालून औषध किती ते मोजणं, करायला गेलं तर एंडपॉइंट, म्हणजे थांबायची खूण, धड मिळतच नाही, पाणीच मध्ये येतं. ॲसेटिक ॲसिडात तीच औषधं खणखणीत अल्कलीसारखी वागतात.

द्रावणाची नेमकी ताकद काढायची, म्हणजे ते स्टँडर्डाइझ करायचं, पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट या शुद्ध पावडरवर. त्यात टाकलेल्या क्रिस्टल व्हायोलेट या सूचकाचा जांभळा रंग आधी निळा होतो, मग पाचूसारखा हिरवा. शेवटी शेवटी ब्युरेटच्या, म्हणजे खुणांच्या काचनळीच्या, टोकाला अर्धाच थेंब लटकवायचा आणि फ्लास्कच्या काचेला टेकवून आत घ्यायचा. वीस वर्षं हेच करतेय, तरी तो हिरवा उमटला की अजून बरं वाटतं.

पण ॲसेटिक ॲसिड उष्णतेने फार फुगतं. एका अंशाला 0.11 टक्के, पाण्यापेक्षा कितीतरी जास्त. फुगलेलं द्रावण पातळ पडतं, ब्युरेटमधून जास्त खर्च होतं आणि औषध आहे त्यापेक्षा जास्त भरल्यासारखं दिसतं.

आधीच्या नोकरीतली फेब्रुवारीतली गोष्ट. मेट्रोनिडाझोलचा कच्चा माल आला होता, आव पडल्यावर देतात तेच कडू औषध. सकाळी 22 अंशांना द्रावण स्टँडर्डाइझ केलं. मग लाइट गेली, एसी बंद. दुपारी 33 अंशांत 150 मिलिग्रॅम माल टायट्रेट केला. 8.73 मिली लागले, एका मिलीला 17.12 मिलिग्रॅम औषध, म्हणजे माल 99.6 टक्के शुद्ध. किमान हवे 99.0. पास.

सही करायला पेन उघडलं आणि भिंतीवरच्या थर्मामीटरकडे लक्ष गेलं. 11 अंशांचा फरक, म्हणजे 1.21 टक्के. ती दुरुस्ती घातल्यावर उत्तर आलं 98.4. फेल. फरक किती, तर ब्युरेटमधले दोन थेंब.

वरच्यांनी सांगितलं, "पास आलंय ना, कर की सही. एका टक्क्याने काय होतंय?" मी केली नाही. 33 अंशांनाच द्रावण पुन्हा स्टँडर्डाइझ केलं, दोनदा टायट्रेशन केलं, दोन्ही वेळा 98.4. माल परत गेला आणि महिनाभर माझ्याशी कुणी धड बोललं नाही. मला आजही वाटतं, सही न करणंच बरोबर होतं. कोरेगावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला आमचं ब्युरेट दिसत नसतं, तो आमच्या कागदावर विसंबून गोळी देतो.

तिथल्या छापील फॉर्मवर तापमानाचा रकानाच नव्हता. आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्या दिवशी पट्टी आणि पेन देते आणि दोन रकाने आखायला लावते, एक स्टँडर्डाइझ करतानाचा, एक टायट्रेशनचा. तुमच्या लॅबच्या फॉर्मवर ते आहेत का, उद्या जरा बघा.