बाटली उघडायच्या आधी माणसं जमवा

व्हिस्की आणि माणसं या दोन गोष्टी मला वेगळ्या करताच येत नाहीत. नवीन बाटली हातात आली की पहिला विचार हाच येतो की ही कोणाकोणासोबत उघडायची, आणि मग ती चारजण जमेपर्यंत तशीच सीलबंद राहते, महिना जाऊदे नाहीतर अजून जास्त. बरेच लोक सांगतात की एकट्याने शांत बसून प्यायल्याशिवाय व्हिस्की कळत नाही. मला हे अजिबात पटत नाही. एकट्या नाकाला फारतर दोन-तीन वास सापडतात आणि तेही आपल्या सवयीचेच, पण तीच व्हिस्की पाच जणांच्या ग्लासात गेली की एकाला व्हॅनिला येतो, एकाला ओलं लाकूड, एकाला मध, आणि मग कोणीतरी "अरे हे तर पिकलेलं केळं" म्हटलं की सगळे परत ग्लासात नाक घालतात आणि खरंच सगळ्यांना केळं सापडतं. मला हेच हवं असतं.

आमच्याकडे बसायचं ठरलं की बाटल्यांचा क्रम मी आधीच लावून ठेवते आणि यात मी कोणाचं ऐकत नाही. हलकी आधी, धुराची सगळ्यात शेवटी. कारण एकदा का धूर जिभेवर बसला की नंतरच्या नाजूक व्हिस्कीचं काही कळतच नाही, बिचारी पाण्यासारखी लागते. सुरुवात शक्यतो आयरिश. त्यातही सिंगल पॉट स्टिल, म्हणजे मोड आणलेली आणि न आणलेली बार्ली मिसळून एकाच डिस्टिलरीत केलेली, असेल तर फारच छान, उदाहरणार्थ रेडब्रेस्ट १२ वगैरे. आयर्लंडमध्ये १७८५ साली मोड आणलेल्या बार्लीवर कर बसला, म्हणून तिथल्या लोकांनी मोड न आणलेली बार्लीपण मिसळायला सुरुवात केली, आणि कर वाचवायला केलेल्या त्या मिश्रणातून एक वेगळीच जाडसर, किंचित मसालेदार चव तयार झाली जी आजही टिकून आहे. त्यात ती तीनदा डिस्टिल केलेली, म्हणजे घशाला त्रास नाही. जे पहिल्यांदाच नीट पितायत त्यांच्यासाठी यापेक्षा चांगली सुरुवात मला तरी माहीत नाही.

मग बर्बन. आणि बर्बनच्या लगेच मागे ग्लेनमोरांजी ओरिजिनल, ही जोडी मी कधीच तोडत नाही. अमेरिकेत बर्बनला कायदाच असा आहे की किमान ५१ टक्के मका पाहिजे आणि ती ओकच्या नव्या, आतून जाळलेल्या पिंपात ठेवायची. नव्या म्हणजे नव्याच, एकदा वापरलेलं पिंप बर्बनसाठी परत चालत नाही. मग एवढ्या पिंपांचं करायचं काय, तर त्यातली खूपशी स्कॉटलंडला जातात आणि तिथले लोक त्यात आपली व्हिस्की वर्षानुवर्षं मुरवतात. ग्लेनमोरांजी ओरिजिनल अशाच बर्बनच्या पिंपातली. दोन्ही ग्लास शेजारी ठेवून आधी इकडचा वास मग तिकडचा वास घ्या, बर्बनमधला तो गोड भसकन येणारा व्हॅनिला इथे एकदम शहाणा होऊन बसलेला असतो. ज्यांना "मला सगळ्या सारख्याच लागतात" असं वाटतं त्यांचं मत या एका जोडीने बदलताना मी पाहिलंय. शिवाय ग्लेनमोरांजीच्या भट्ट्यांच्या माना ५.१४ मीटर उंच आहेत, स्कॉटलंडमधल्या सगळ्यात उंच, त्यामुळे वाफेतला हलका भागच वरपर्यंत पोचतो आणि व्हिस्की अशी फुलासारखी येते. हे ऐकल्यावर लोक परत एक घोट घेतात आणि यावेळी जरा थांबून घेतात.

त्याच्या नंतर शेरीच्या, म्हणजे एका स्पॅनिश वाइनच्या, पिंपातली एखादी. माझी लाडकी अबरलोर अबुना, कास्क स्ट्रेंथ असते, म्हणजे पिंपातून काढली तशीच, पाणी घालून खाली न आणलेली, साधारण साठ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. रंग गडद, वास मनुका आणि सुक्या अंजिराचा. इथे मात्र मी सगळ्यांना पाणी घालायला लावतेच. थेंब-थेंब, ड्रॉपरने. कोणी म्हणतं चांगल्या व्हिस्कीत पाणी घालणं म्हणजे तिचा अपमान, तर तसं काही नाहीये. २०१७ साली स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन या दोघांनी कॉम्प्युटरवर अभ्यास करून दाखवलं की ग्वायाकॉल नावाचा, धुरकट वास देणारा जो रेणू आहे तो जास्त अल्कोहोलमध्ये आत बुडून राहतो आणि पाणी घालून प्रमाण कमी केलं की वर पृष्ठभागाकडे येतो, म्हणजे आपल्या नाकाजवळ. ब्लेंडर लोक, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्की मिसळून चव जुळवणारे, तर वास घ्यायला व्हिस्की पार वीस टक्क्यांपर्यंत पातळ करतात. तेव्हा घाला बिनधास्त. फक्त हळूहळू घाला म्हणजे प्रत्येक थेंबाला काय बदलतंय ते कळेल.

आता ब्लेंडरचा विषय निघालाच आहे तर माझ्या जाऊबद्दल सांगायलाच हवं. ती पीत नाही, थेंबसुद्धा नाही, आणि तिला कोणी आग्रह केलेला मला चालत नाही. पण आमच्या बैठकीत सगळ्यात चांगलं नाक तिचं आहे. ती प्रत्येक ग्लासाचा वास घेते आणि सांगते, याच्यात संत्र्याची साल आहे, याच्यात नवं चामडं आहे, आणि आम्ही प्यायलेले लोक मग ते शोधत बसतो. व्हिस्की बनवणाऱ्या मोठमोठ्या माणसांचं कामसुद्धा बरंचसं नाकानेच चालतं, प्रत्येक पिंपातलं पीत बसले तर संध्याकाळपर्यंत उभं राहता येणार नाही. त्यामुळे घरात कोणी न पिणारं असेल तर त्याला बाजूला बसवू नका हो, ग्लास हातात द्या, वास घेऊदे, मत विचारा. तो माणूस गप्पांमध्ये पूर्ण असतो मग.

बाबांचं प्रकरण वेगळं. माझे बाबा वर्षानुवर्षं एकच पितात, जॉनी वॉकरची ब्लॅक लेबल, सोडा आणि दोन बर्फ. माझ्या मित्रांपैकी एकाने एकदा त्यांना "काका, आता सिंगल माल्टवर या" असं जरा वरच्या सुरात सांगितलं आणि मला ते मनापासून खटकलं. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीतली, फक्त मोड आलेल्या बार्लीची व्हिस्की, आणि ब्लॅक लेबल ही ब्लेंड, म्हणजे वेगवेगळ्या डिस्टिलरींच्या व्हिस्की एकत्र केलेली. पण ब्लेंड ही काही खालच्या दर्जाची गोष्ट नाही. आज सगळे सिंगल माल्ट सिंगल माल्ट करतात पण ग्लेनफिडिकने १९६३ मध्ये स्कॉटलंडच्या बाहेर सिंगल माल्ट म्हणून जोरात विक्री सुरू केली तोपर्यंत जगाला माहीत होती ती स्कॉच म्हणजे ब्लेंडच. डझनावारी माल्ट आणि ग्रेन (मका-गहू अशा इतर धान्यांच्या) व्हिस्की एकत्र करून दरवर्षी तीच चव आणायची हे प्रचंड कौशल्याचं काम आहे. तर मी बाबांना काही शिकवायला गेलेच नाही. त्यांचा ब्लॅक लेबलचा ग्लास त्यांच्यासमोर ठेवला, सोड्याशिवाय, आणि शेजारी स्कॉटलंडच्या आयला बेटावरची कल ईला ओतली. कल ईला ही जॉनी वॉकरच्या ब्लेंडमधली एक महत्त्वाची माल्ट आहे. म्हटलं, बाबा, आधी हिचा घोट घ्या आणि मग तुमच्या ग्लासकडे परत जा. त्यांनी घेतला, तोंड जरा वाकडं केलं, मग ब्लॅक लेबलचा घोट घेतला आणि थांबले. म्हणाले, "अगं, हा धूर माझ्या ग्लासात आधीपासून होता?" होता ना बाबा! इतकी वर्षं होता. त्या दिवसानंतरही ते ब्लॅक लेबलच पितात, सोडा घालूनच पितात, पण पहिला घोट आता नीट घेतात आणि मला फोन करून सांगतात की आज धूर जास्त लागला. एखाद्याच्या आवडीची व्हिस्की सोडायला लावण्यापेक्षा त्याच व्हिस्कीत अजून काय आहे ते दाखवणं मला जास्त आवडतं.

धुराबद्दल थोडं. तो येतो पीटमधून, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजून साठलेल्या वनस्पतींचा थर, तो कापून वाळवून जाळतात आणि त्या धुरावर मोड आलेली बार्ली सुकवतात. आयला बेटावरच्या लाफ्रॉइग, लागावुलिन, आर्डबेग या सगळ्या दोनशे वर्षांच्या वरच्या डिस्टिलरी. लाफ्रॉइगला असा काही दवाखान्याचा वास येतो की अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा ती औषध म्हणून तिकडे जायची, आणि वास घेतल्यावर कोणाचाही यावर विश्वास बसतो. पहिल्यांदा घेणाऱ्यांपैकी निम्मे लोक ग्लास लांब करतात, त्यांना जबरदस्ती नाही. त्यांचा ग्लास मी घेते.

मित्रमंडळींमध्ये सगळ्यात जास्त भांडण होतं ते वयावरून. अठरा वर्षं म्हणजे बारापेक्षा भारी, असं सरळ गणित डोक्यात असतं. बाटलीवरचा आकडा म्हणजे आतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचं वय, एवढंच तो सांगतो. आणि हवामानाचं काय? स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के उडून जाते, बंगळुरूच्या उष्णतेत हेच दहा टक्क्यांच्याही वर जातं, म्हणजे अमृतसारखी व्हिस्की तिथे अठरा वर्षं ठेवली तर पिंपात उरणार काय! ती चार-पाच वर्षांतच जे काय मुरायचं ते मुरून घेते. हा वाद मिटवायला आम्ही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, नंबर टाकून ओततो. अमृत फ्यूजन, ज्यात भारतीय बार्ली आणि स्कॉटलंडची पीटवाली बार्ली दोन्ही आहेत, तिला या खेळात लोक हमखास स्कॉच समजतात आणि कागद काढला की खोलीत जो आरडाओरडा होतो तो ऐकण्यासारखा असतो. २००४ मध्ये अमृतने आपली सिंगल माल्ट पहिल्यांदा बाजारात आणली तीसुद्धा थेट ग्लासगोमध्ये, स्कॉच पिणाऱ्यांच्या अंगणात. मला या धाडसाचं फार कौतुक आहे.

असंच कौतुक मसाताका ताकेत्सुरू यांचं. १९१८ मध्ये हा तरुण जपानहून स्कॉटलंडला गेला, तिथल्या डिस्टिलरींमध्ये हाताने काम करून सगळं वहीत उतरवलं, रीटा कोवन नावाच्या स्कॉटिश मुलीशी लग्न केलं आणि परत येऊन आधी यामाझाकी डिस्टिलरी उभी करायला मदत केली, मग १९३४ मध्ये जपानमधल्याच योइची गावात स्वतःची उभी केली. जपानी बाटली उघडली की ही गोष्ट मी सांगतेच, ऐकलेल्यांनाही परत सांगते.

बाकी काही बारीकसारीक. पेग छोटा ठेवायचा, पंधरा मिली पुष्कळ, नाहीतर चौथ्या बाटलीपर्यंत जीभ आणि डोकं दोन्ही कामातून जातात. मध्ये भरपूर पाणी प्यायचं. तोंडात तिखट काही असेल तर वास-चव विसरा. गाडी कोणीही चालवायची नाही, यावर चर्चा नाही. बाटली उभीच ठेवायची, आडवी नाही, एवढं अल्कोहोल बुचाला लागत राहिलं तर बूच खराब होतं, आणि उन्हापासून लांब. आणि अर्धी संपलेली बाटली "खास दिवसासाठी" वर्षानुवर्षं ठेवू नका, आत हवा भरली की चव हळूहळू मरते. बंद बाटलीत व्हिस्की मुरत नाही की वाढत नाही, ती जे व्हायचं ते पिंपातच होऊन आलेली असते, त्यामुळे थांबून तिचं काही भलं होणार नाहीये.

लांब राहणाऱ्या मैत्रिणीसाठी मी प्रत्येक नव्या बाटलीतून छोट्या काचेच्या बाटलीत थोडी काढून ठेवते, वर चिठ्ठी लावते पण नाव लिहीत नाही, नुसता नंबर. ती आली की घेऊन जाते आणि मग आम्ही व्हिडिओ कॉलवर एकाच वेळी घोट घेतो, ती ओळखायचा प्रयत्न करते. शेरीचं पिंप ती पहिल्या वासात ओळखते, राय (राय नावाच्या धान्याची व्हिस्की) आणि बर्बनमध्ये मात्र अजून गोंधळते. म्हणून पुढच्या खेपेला तिला दोन्ही शेजारी-शेजारी देणार आहे, जाऊला पण त्या कॉलवर बसवणार, बघू रायमधली मिरी आधी कोण पकडतं ते.