दोन दुकानं, एक बोर्ड आणि उधारीची वही

सांगलीत माधवनगर रोडला आमचं बिल्डिंग मटेरियलचं दुकान. सिमेंट, सळी, पत्रे, वॉटरप्रूफिंगचे डबे, जे लागेल ते. आमच्यापासून चार गाळे सोडून तसलंच दुसरं दुकान, त्याचे मालक आमच्या अण्णांचे, म्हणजे वडलांचे, जुने दोस्त, त्यांना आम्ही काका म्हणतो. तर गेल्या महिन्यात काकांनी चहा पिता पिता विषय काढला, दोघं एक होऊया की, एक बोर्ड, एक गोडाऊन, टनेज, म्हणजे विकलेला माल, डबल झाला की कंपनीकडनं स्कीम (विक्रीवरची सूट) पण वरची मिळेल. अण्णा लगेच खूश. मी आपला गप्प बसलो, कारण मला सवय आहे रात्री झोप येत नसली की असल्या गोष्टी वाचत बसायची.

अमेरिकेत 2020 च्या ऑगस्टमध्ये बिल्डर्स फर्स्टसोर्स आणि बीएमसी अशा दोन मोठ्या कंपन्यांनी एकत्र यायचं जाहीर केलं, दोघी लाकूड, दारं-खिडक्या, घरबांधणीचं सामान विकणाऱ्या, म्हणजे आमचाच धंदा पण हत्तीएवढा. बीएमसीच्या एका शेअरला बिल्डर्सचे 1.3125 शेअर असं ठरलं, आणि तीन वर्षांत वर्षाला 13 ते 15 कोटी डॉलर वाचतील असा अंदाज. पण असल्या घोषणेच्या खाली बारीक अक्षरात एक लांबलचक परिच्छेद असतोच, की व्यवहार कदाचित होणारच नाही, शेअरहोल्डर नाही म्हणतील, चांगली माणसं सोडून जातील, गिऱ्हाईक तुटेल, वाचतील म्हणलेले पैसे वाचणारच नाहीत. लोक तो वाचत नाहीत. मला तर वाटतं खरं तेवढंच असतं, वरचं सगळं लग्नपत्रिकेसारखं. (त्यांचं जमलं म्हणा, 1 जानेवारी 2021 ला एक झाल्या.)

आता काकांचं म्हणणं फिफ्टी-फिफ्टी. पण आज ठरवायचं आणि पाडव्याला एक व्हायचं, तर मधे जे होईल ते कुणाचं? 22 सप्टेंबर 2025 ला सिमेंटवरचा जीएसटी 28 वरनं 18 टक्क्यांवर आला तेव्हा आठवडाभर आधीपासून गिऱ्हाईक थांबून होतं, मालाची गाडी उतरवून घ्यायची का नाही यावरनं आमच्या घरात भांडणं. समजा तेव्हाच आमचं असं काही ठरलेलं असतं आणि एकाकडं माल भरलेला, दुसऱ्याकडं रिकामं गोडाऊन, तर फिफ्टी-फिफ्टी कसं राहणार होतं?

मोठ्यांचं पण असंच होतं. लाफार्ज आणि होल्सिम, सिमेंटमधले दोन राक्षस, 2014 च्या एप्रिलमध्ये म्हणाले आम्ही बरोबरीचे, एकाला एक शेअर. वर्ष व्हायच्या आत होल्सिमवाले अडून बसले आणि 10 लाफार्जला 9 होल्सिम असं झालं, वर लाफार्जचे साहेब सीईओ होणार होते ते पण राहिलं. आणि 2021 मध्ये ग्रुपच्या नावातनं लाफार्जच गेलं, नुसतं होल्सिम उरलं. हे मी अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "बोर्डावर आधी नाव कुणाचं, हे विचारलंच नाही की रे आपण."

मग रविवारी काकांचं वखारभागातलं गोडाऊन बघायला गेलो. कागदावर चारशे पोती. वरनं थप्पी झकास, पण मी सगळ्यात खालच्या थराच्या पोत्याचा कोपरा दाबला तर दगड. एक फाटकं पोतं होतं त्यात हात घातला. चांगल्या सिमेंटमध्ये हात घातला की गार लागतं आणि गुठळी असली तरी बोटानं फुटते, ही फुटेना. हमालमामा बाजूलाच उभे होते, हळूच म्हणाले, "मागचा थर तसलाच हाय, मालक वरचाच हलवत्यात." म्हणजे हिशोबात चारशे, विकायला किती हे देवालाच माहीत.

त्यात ही जागा. 2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं (धोक्याची पातळी 45), वखारभागाची काय अवस्था झाली ती सांगलीकराला सांगायला नको, 2021 ला परत तेच. आमचं गोडाऊन कुपवाडकडं, भाड्याचं पण कोरडं. आता एक गोडाऊन ठेवायचं म्हणलं तर काका म्हणणार आमचं घरचं आहे, तेच ठेवू, फर्मनं आम्हाला भाडं द्यावं. म्हणजे बचत म्हणून सांगितली ती त्यांचं भाडं, आणि दोघांचा माल एकाच पाण्यात.

डीलरशिपचं तर वेगळंच. आमची एका कंपनीची, त्यांची दुसरीची, दोन्ही आपापल्या फर्मच्या नावावर. नवीन फर्म झाली की परत कागद, परत डिपॉझिट, आणि त्यातली एखादी कंपनी नाही म्हणाली तर ते डबल टनेज गेलं कुठं? आमचे सीए म्हणाले साधी भागीदारी तर अजिबात नको, 1932 च्या कायद्यानं फर्मचं देणं प्रत्येक भागीदाराच्या अंगावर, एकट्याच्या सुद्धा. उद्या काकांच्या पोरानं फर्मच्या नावावर दोन ट्रक सळी उचलली आणि पैसे थकवले तर घेणेकरी आमच्या दारात. एलएलपी करा म्हणाले, म्हणजे देण्याची जबाबदारी मर्यादित असलेली भागीदारी. काकांना तो शब्द आवडला नाही, म्हणे भरवसा नाही का?

पण मला सगळ्यात भीती उधारीची. काका म्हणतात बाजारात त्यांचे बावीस लाख आहेत. असतील. पण त्यातला कुठला कॉन्ट्रॅक्टर फोन उचलतो आणि कुठल्याची साइट दोन वर्षं बंद आहे हे वहीत लिहिलेलं नसतं, ते फक्त काकांच्या डोक्यात. म्हणून मी अण्णांना म्हणलं, आपण वही मागूया, दोन दिवस त्यांची आपल्याकडं, आपली त्यांच्याकडं.

अण्णांनी गल्ल्याखालनं आमची लाल वही काढली. चष्मा लावला, पानं उलटत बसले. एका पानावर बराच वेळ थांबले, ते कुणाचं पान आहे मला माहीत होतं, आत्याच्या जावयाचं, बंगल्याचं सिमेंट, 2018 पासूनचं. मग वही मिटली आणि परत खाली ठेवली.

"दिवाळी होऊ दे," म्हणाले, "मग बघू."