मोत्या अन् माशाचं तेल

आज आमच्या कुत्र्याला, मोत्याला, परभणीला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. १२ वर्षांचा झालाय, थंडी पडली की ओट्यावर चढताना मागचे पाय थरथरतात. आई दोन महिने त्याला हळद-तूप चारतीये. "माझ्या गुडघ्याला चालतं, त्याला का नाही?"

डॉक्टर हसले. हळदीतलं कर्क्युमिन अंगात फारसं शोषलंच जात नाही म्हणे, अन् तुपानं वजन तेवढं वाढतं. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ चा उपयोग होतो, पण मात्रा वजन बघून, अन् फरक दिसायला काही आठवडे. माणसाची आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी तर चुकूनही नाही. आधी ४ किलो उतरवा म्हणाले.

आमच्या माळकरी घरात माशाचं तेल! आईनं डबी दोन बोटांत धरून देवघरापासून लांब, गोठ्यातल्या देवळीत ठेवली. मोत्या मात्र अर्ध्याच भाकरीवर रुसून बसलाय.