पर्णविन्यासाच्या नोंदी: पपईपासून पेवापर्यंत

पावसाळा सुरू झाल्यापासून पर्णविन्यासाच्या, म्हणजे खोडावर पाने कोणत्या क्रमाने मांडलेली असतात याच्या, नोंदी नियमितपणे ठेवत असून समोरासमोर पाने येणाऱ्या झाडांचे काम बऱ्यापैकी मार्गी लागले आहे. रुई आणि तुळस यांच्या प्रत्येक पेरावर दोन पाने असतात व वरची जोडी खालच्या जोडीला काटकोनात येते, त्यामुळे शेंड्याकडून पाहिल्यास चार उभ्या रांगा दिसतात. कण्हेरीच्या पेरावर तीन पाने असतात आणि पुढच्या पेरावरची तीन पाने खालच्या मोकळ्या जागांवर येतात, म्हणून तिथे रांगा सहा होतात. सातविणीची मंडले, म्हणजे एकाच पेरावर गोलाकार येणाऱ्या पानांचे संच, अजून मोजायची आहेत.

अधिक वेळ एकाआड एक येणाऱ्या पानांना द्यावा लागला. जास्वंदीच्या सरळ उभ्या फांदीवर एका देठापासून दुसऱ्या देठाकडे दोरा गुंडाळत वर गेल्यास दोन फेऱ्यांनंतर सहावे पान पहिल्याच्या रेषेत येते. म्हणजे लागोपाठच्या पानांमध्ये 144 अंशांचा कोन. पपईत तीन फेऱ्यांनंतर नववे पान पहिल्यावर येते, म्हणजे 135 अंश. पपईच्या खोडावर गळलेल्या पानांचे व्रण ठळकपणे टिकतात, म्हणून नव्या अभ्यासकाने तिच्यापासूनच सुरुवात करावी असे मला वाटते. फ्रान्सच्या ब्राव्हे बंधूंनी 1837 मध्ये लागोपाठच्या पानांसाठी मांडलेला सुमारे 137.5 अंशांचा कोन या दोन आकड्यांच्या मध्ये पडतो, आणि फांदीला किंचित पीळ असला तरी मोजणी एकीकडून दुसरीकडे सरकू शकते. आडव्या फांद्यांना असा पीळ पडू शकतो, त्यामुळे त्या मी नोंदीत घेत नाही.

जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ होफमाइस्टर यांनी 1868 मध्ये सांगितलेला नियम या साऱ्याला लागू पडतो: शेंड्यावर आधीच्या पानांपासून जिथे सर्वाधिक मोकळी जागा असेल, तिथे नवे पान उगवते. कोवळी पाने आपल्या आसपासचे ऑक्सिन हे वाढीचे संप्रेरक स्वतःकडे ओढून घेतात आणि ते दूरवर जिथे साठते तिथे पुढचे पान धरते, अशी त्याची आजची उपपत्ती आहे.

पेवा मात्र हा नियम मोडतो, आणि म्हणूनच तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्याच्या जवळच्या नात्यातील आले व हळद यांची पाने दोन रांगांत येतात. पेवाचे पुढचे पान मागच्या पानाच्या अगदी शेजारी, थोडेसेच सरकून येते, आणि पानांची एकच रांग जिन्यासारखी खोडाभोवती चढत जाते. एका गड्ड्यातून निघालेल्या सर्व कोंबांचा हा पीळ एकाच दिशेचा असतो की नाही, हे आता प्रत्येक कोंबाला खूण बांधून नोंदवणार आहे.