सव्वा मिलिमीटरची शिट्टी

तात्यांची अँबॅसेडर माझ्या वेंगुर्ल्याच्या गॅरेजात आली तेव्हा चतुर्थीला बारा दिवस उरले होते. १९६८ ची मार्क टू, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. दुखणं एकच, एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करून बाहेर नेणारा नळ, फुटलेला. बिडाचा तो, आणि अंगावर आधीच्या मेस्त्र्यांनी मारलेल्या वेल्डिंगच्या तीन पट्ट्या. बीड वेल्ड करायचं तर आधी नीट तापवावं लागतं आणि नंतर सावकाश गार होऊ द्यावं लागतं. घाई केली की वेल्ड जागेवर राहतो आणि शेजारी नवी चीर जाते. तिन्ही पट्ट्यांच्या शेजारी चिरा होत्याच.

मी जुना मॅनिफोल्ड कुठे मिळतो का बघत होतो, तेवढ्यात तात्यांचा पुतण्या इंग्लंडहून आला. बॅगेत कपड्यांपेक्षा मोठं खोकं, खोक्यात स्टेनलेस स्टीलचा हेडर, म्हणजे मॅनिफोल्डच्या जागी बसणारा पातळ नळांचा जुडगा. एमजीबी या स्पोर्ट्‌स कारसाठी बनवलेला. तात्या माझ्याकडे बघत म्हणाले, "मेस्त्री, परक्या गाडयेचो पाईप आमच्या गाडयेक बसतलो काय?"

गाडी परकी असली तरी इंजिन सख्खं. अँबॅसेडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज थ्री, पुढे बंगालातल्या उत्तरपाड्याला बनू लागलेली. तिचं १४८९ सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरीजचं. हेच इंजिन १९५५ च्या एमजीएमध्ये होतं, आणि त्याचाच १७९८ सीसीचा थोरला भाऊ एमजीबीत. हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाच्या, भोकांमधलं अंतर तेच. सिलिंडर चार असले तरी एक्झॉस्टची तोंडं तीन, कारण मधल्या दोघांचं तोंड सामाईक. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२ असल्यामुळे दोन आणि तीन नंबर पाठोपाठ पेटत नाहीत, एकाच दारातून जाताना एकमेकांना अडवत नाहीत. इनटेकला, म्हणजे हवा-पेट्रोल आत जायला, मात्र दोनच दारं, एक आणि दोनचं एक, तीन आणि चारचं दुसरं. हे दुसरं वाक्य पुढे कामाला येणार आहे.

"बसतलो," मी म्हटलं.

"आवाज वाढता कामा नये हां. नायतर बायल माका घरात घेवची नाय."

सायलेन्सर जुनाच ठेवायचा ठरलं. पुतण्याने हेडरला गुंडाळायची पट्टीही आणली होती. ती मी परत खोक्यात घातली. सुक्या हवेत तिचा उपयोग असेल. आमच्याकडे समुद्राचा खारा वारा आणि चार महिने पाऊस. ओली पट्टी पाईपला चिकटून बसली की आत मीठ आणि पाणी, आणि स्टेनलेस झालं म्हणून ते मिठाला अगदीच दाद देत नाही असं नाही.

जुना मॅनिफोल्ड काढतानाच एक स्टड, हेडमध्ये रोवलेला आट्यांचा दांडा, तुटला. त्याआधी घरातली मेणबत्ती आणून तापलेल्या स्टडला लावली होती. मेण वितळून आट्यांत शिरतं आणि गंज सोडवतं. बाकीचे सगळे सुटले, हा एक नाही. मग उरलेल्या बुंध्यावर नट ठेवून आतून वेल्ड केला, थोडा गार होऊ दिला आणि पान्याने मागेपुढे हलवत काढला. या गाडीचे नट अर्ध्या इंचाचे. तेरा नंबरचा पाना त्यांवर बसल्यासारखा वाटतो, पण तीन दशांश मिलिमीटर ढिला असतो आणि कोपरे खातो. हाताखालच्या पोराला हे मी वर्षाला दोनदा सांगतो.

हेडर लावला. खालचा पाईप पुढच्या टॉर्शन बारला, म्हणजे स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याला, टेकत होता, तो कापून, वळवून, बोटभर जागा सोडून पुन्हा जोडला. कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट इंजिनच्या एकाच बाजूला, एकाखाली एक. म्हणून मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा आडवा घातला. नवीन पॅकिंग, नवे पितळी नट. गाडी सुरू झाली. स्लो, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, जरा चढा होता, स्क्रू फिरवून खाली आणला. इंजिन मोकळा श्वास घेतंय म्हणून स्लो वाढला असणार, असं मी पुतण्याला ऐटीत समजावलंदेखील. बाहेर पाऊस असा कोसळत होता की गॅरेजच्या पत्र्याखाली माणसाला माणसाचं ऐकू येत नव्हतं.

हेडरची खरी परीक्षा चढावर, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी आंबोली घाट. तात्या स्टिअरिंगवर, शेजारी मी, मागे पुतण्या. गाडी तात्यांशिवाय कोणी चालवायची नाही हा नियम वडिलांच्या वेळेपासूनचा. सावंतवाडी सोडली, पाऊस थांबला, आणि दाणोलीच्या आसपास तात्यांनी मान तिरकी केली.

"मेस्त्री, शिट्टी आयकलंस?"

मी ऐकली नव्हती. काच खाली केली तर वारा. "नवीन पाईप आहे तात्यानू, बसेल जागेवर," असं म्हणून मी विषय संपवला. माझ्यापेक्षा जास्त वर्षं ते या इंजिनाचा आवाज ऐकत होते, हे तेव्हा मला सुचलं नाही.

घाट सुरू झाला आणि गाडीचा दम गेला. दुसऱ्या गिअरवरही कुरकुर, मधूनच कार्बोरेटरमधून फट्ट असा उलटा आवाज. धबधब्याच्या अलीकडच्या एका वळणावर मी गाडी बाजूला घ्यायला लावली. धुकं उतरलं होतं, संध्याकाळ झालीच होती. बॉनेट उघडलं आणि तिघेही गप्प झालो. त्या अर्धवट उजेडात हेडरचे नळ मंद लाल दिसत होते, चुलीतल्या निखाऱ्यावर राख धरावी तसे.

पातळ नळाचा हेडर दाबून चढवताना लाल होऊ शकतो, बिडाच्या जाड मॅनिफोल्डसारखा तो उष्णता पोटात ठेवत नाही. पण याच्यावर वीतभर अंतरात पेट्रोलचा कप, आणि मधूनमधून कार्बोरेटर उलटं थुंकतोय. मी इंजिन बंद करायला सांगितलं. पुतण्या पाण्याची बाटली घेऊन पुढे आला, त्याचा हात धरला. लाल पाईपवर गार पाणी पडलं असतं तर पाईप वाकला असता किंवा जोडाला तडकला असता.

पाऊण तास रस्त्याच्या कठड्यावर बसलो. एक एसटी गेली, ड्रायव्हरने वाकून बघितलं. तात्या छत्री मांडीवर आडवी ठेवून काही न बोलता बसले होते. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

माझी हत्यारपेटी गॅरेजात राहिली होती. तात्यांच्या डिकीत वडिलांच्या वेळची गोणपाटाची पिशवी होती, प्लग पाना, पक्कड, तेलाची झारी, अर्ध्या इंचाचा रिंग पाना. प्लग काढले. तीन आणि चारचे तपकिरी, जसे हवेत तसे. एक आणि दोनचे पांढरेफटक. म्हणजे त्यांना पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळत होती, आणि त्या दोघांचं इनटेकचं दार एकच. गाडी पुरती गार झाल्यावर सुरू करून त्या दाराच्या जोडावर झारीने तेलाचे थेंब सोडले. शिट्टी बंद. स्लो खाली आला. मागून निळा धूर. तेल आत ओढलं जात होतं.

मग डोक्यात प्रकाश पडला. बी-सीरीजमध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट हेडवर शेजारी शेजारी बसतात आणि मधल्या स्टडवरचा जाड वायसर अर्धा याच्या फ्लँजवर, म्हणजे जोडाच्या चपट्या कडेवर, अर्धा त्याच्या फ्लँजवर दाबतो. दोन्ही फ्लँज एका जाडीचे असतील तरच एका नटाने दोघं दाबले जातात. हेडरचा फ्लँज जाड होता. नट कसला की सगळा जोर हेडरवर, इनटेक नुसता टेकलेला. मी भोकांची अंतरं मोजली होती, टॉर्शन बारपासूनची जागा मोजली होती. फ्लँजची जाडी मोजली नव्हती. चढा स्लो म्हणजे मोकळा श्वास नव्हता, चोरून घेतलेली हवा होती.

फरक नखाने चाचपला. थोडा होता. पिशवीच्या तळाशी गंजलेलं, तुटलेलं हॅकसॉचं ब्लेड सापडलं. हाताच्या हॅकसॉचं ब्लेड साधारण ०.६ मिलिमीटर जाड असतं, दोन तुकडे एकावर एक ठेवले की जवळपास सव्वा मिलिमीटर. ठिसूळ असल्यामुळे पकडीने कटकन तुटतं. मोबाईलच्या उजेडात प्रत्येक वायसरखाली इनटेकच्या बाजूला दोन दोन तुकडे सरकवले. पुतण्या तुकडे मोडत होता, तात्या बॅटरी धरल्यासारखा मोबाईल धरून होते आणि दर दोन मिनिटांनी त्यांचा अंगठा लागून उजेड विझत होता.

गाडी सुरू केली. तात्यांनी मान तिरकी केली, बराच वेळ तशीच ठेवली, मग गिअर टाकला. आंबोलीला वर पोचून चहा घेतला, उतरताना दाणोलीपर्यंत कोणी बोललं नाही.

दोन दिवसांनी कुडाळच्या एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून पायरी असलेले वायसर कातून आणले. व्हर्निअर लावला तेव्हा फरक १.३ मिलिमीटर निघाला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी गणपती आणायला तात्या त्याच गाडीने गेले.

बिल मात्र त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "लेथचे पैसे समजले," ते म्हणाले, "पण ब्लेडाचे पैसे ह्यातून कमी कर. ब्लेड माझा होता."