फर्माट्याखालची कोरी जागा

दोनच सेकंदांची शांतता. पण दिवसभर डोक्यातून जात नाहीये.

पियानोच्या रोंडोतली, म्हणजे मूळ धून पुन्हापुन्हा परतते त्या रचनेतली, ती जागा. बेसला, म्हणजे सगळ्यात खाली, जी हा सूर, वर डॉमिनंट सेव्हन्थ, म्हणजे मूळ सुराकडे ओढणारी कॉर्ड, त्यावर फर्माटा, म्हणजे थांबायची खूण, मग मूळ धून परत. जुन्या प्रतीत तिथे बारीक टाइपात आठ-दहा सूर आहेत. संगीतकाराचे नव्हेत, संपादकाचे. नव्या प्रतीत ती जागा कोरी, वाजवणाऱ्याने तिथल्या तिथे सुचेल ते भरायची. हात तिथवर आला आणि तसाच राहिला. म्हणजे इतकी वर्षं जे ऐटीत वाजवलं, ते उसनं. बाईंनी कधी… जाऊ दे.

आणि मागणी तरी केवढीशी! अशा जागी घ्यायचा आयनगांग म्हणजे धून परतण्याआधीची, एका दमात संपणारी तान. कॉर्ड बदलायची नाही, दुसऱ्या स्केलमध्ये शिरायचं नाही. वरच्या एफवरून बीपर्यंत उतरा, तिथून अर्ध्या-अर्ध्या सुरांनी धुनेच्या पहिल्या जीवर चढा, झालं. लांबली की कॅडेन्झा, म्हणजे एकट्या वादकाची लांबलचक करामत, वाटायला लागते, आणि कॅडेन्झाचा थाट निराळा: बेसला जी धरून त्यावर सी मेजर, शेवटी डीवर ट्रिल, म्हणजे शेजारच्या सुराशी भरभर आलटापालट. हे सगळं पाठ आहे. नुसतं पाठ आहे, तीच तर बोच.

पाहून वाजवणाऱ्याचा डोळा हाताच्या एक-दोन ठोके पुढे पळत असतो. कागद काढून घेतला की पुढे पळायला कानच उरतो, आणि कानाला पुढे पळायची सवय नाही. तो मागून येऊन फक्त चुका सांगतो.

मोझार्टचा हेवा वाटला. १७८८ च्या के. ५३७ (त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) या कॉन्चेर्टोच्या, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदाच्या रचनेच्या, हस्तलिखितात डाव्या हाताच्या कितीतरी जागा त्याने मोकळ्याच ठेवल्यात. वाजवणारा तोच, मग लिहितो कशाला! छापील प्रतीतला तो डावा हात बराचसा दुसऱ्याने भरलेला. बीथोव्हनने तर पाचव्या कॉन्चेर्टोत एका जागी 'इथे कॅडेन्झा करू नये' असं लिहूनच टाकलं. दारावर पाटी लावावी तसं. आमच्यासारख्यांची सोयच झाली म्हणायची.

रडून झाल्यावर ठोके देणारा मेट्रोनोम मिनिटाला ६० वर लावला. डाव्या हाताला आठ बेस, प्रत्येकी दोन ठोके: सी, जी, ए, ई, एफ, सी, एफ, जी. उजव्याला प्रत्येक बेसवर एकच सूर: ई, डी, सी, बी, ए, जी, ए, बी. हा सांगाडा आधी गाऊन, मग वाजवून. त्यानंतर प्रत्येक सुराला एक शेजारचा सूर जोडायचा, बस. आठव्या नोट्स, म्हणजे ठोक्याला दोन सूर, लगेच घेतल्या की बोटं पाठ केलेल्या एट्यूडमध्ये, सरावाच्या तुकड्यात, पळतात. आजही पाचव्या बेसवर पळालीच.

चुकीचा सूर लागला तर थांबायचं नाही. सी मेजरमध्ये प्रत्येक काळ्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना पांढरी आहे, म्हणजे सुटका अर्ध्या सुरावर. तोच चुकीचा सूर मुद्दाम पुन्हा वाजवून शेजारी सरकायचं. एफ शार्प दोनदा, मग जी. ऐकणाऱ्याला वाटतं, ठरवूनच केलं. दुरुस्त करायला थांबलं की ठोका तुटतो, आणि चुकीपेक्षा तेच जास्त ऐकू येतं. तो आठ बेसचा सांगाडा डी मेजरमध्ये नेला की चौथ्या बेसवर, एफ शार्पवर, गाडी घसरते. हाताला सीमधली वाट ठाऊक असते, अंतरं नाही.

रात्री पुन्हा त्या फर्माट्यावर. अकरा ताना. चार अगदी सारख्या, दोन सरळ संपादकाच्याच. सातवी मात्र बरी होती: एफवरून उतरताना ई फ्लॅटला चुकून बोट लागलं, ते पुन्हा वाजवून डीवर आले, तिथून जी.

लगेच ती स्टाफवर, सूर लिहायच्या पाच रेघांवर, उतरवून ठेवावीशी वाटली. पेन्सिल उचललीसुद्धा. मग उठून ती दुसऱ्या खोलीत ठेवून आले.