तुम्हीच लावाल ना?

रात्रीचे सव्वादहा. नऊ वाजून दहा मिनिटांनी त्याचा मेसेज आलाय, नुकतीच दारू सोडून डिस्चार्ज घेतलेल्या त्या गड्याचा. मी स्वतः व्यसनातून बाहेर पडलेला, आणि अशांना सोबत करणं हे आता माझं पगारी काम. "दादा, सोमवारचा फोन पण तुम्हीच लावाल ना?"

एवढंच. घाबरण्यासारखं काही नाही. प्यायलेल्या माणसाचा मेसेज वाटत नाही, जिवाबिवाचं काही बोललेला नाही. तरी तासभर मी त्या 'च'कडे बघत बसलोय. 'च' बघून झाला की 'ना'.

दुपारी फोन मी लावला, हे खरं. ओपीडीची वेळ घ्यायची होती. नंबर त्याच्या डिस्चार्ज कार्डावर, मोबाइल त्याच्या हातात, आणि तो हात कापत होता. मी म्हटलं, "आण इकडे." दोन मिनिटांत काम झालं. "बरं झालं दादा, तुम्ही होतात," म्हणाला. मला छान वाटलं. बोचतंय ते हेच, छान वाटलं ते.

हात कापत होता म्हणून लावला, असं मघापासून स्वतःला तीनदा सांगून झालंय. आता जरा नीट बघू. दारू थांबल्यावरचं कापरं शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत सुरू होतं. फिट यायची भीती साधारण पहिल्या ४८ तासांत. आणि भ्रम, घाम, भलतंसलतं दिसणं हा जो सगळ्यात वाईट प्रकार, तो बहुधा ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान. म्हणून तर रोज भरपूर पिणाऱ्याला आपण कधीच "आजपासून बंद कर, मी आहे" असं म्हणायचं नसतं. आधी डॉक्टर, मग आपण. याला शेवटचा घोट घेऊन सोळा दिवस झालेत. हे कापरं त्यातलं नव्हतं. औषधाचं असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालायला त्याला सांगायला हवं होतं (तेही राहिलं, उद्याच्या यादीत). पण मला विचाराल तर ते भीतीचं होतं. पलीकडून कुणीतरी "काय त्रास आहे?" विचारणार, आणि उत्तर आजूबाजूच्या चारचौघांना ऐकू जाणार, याची भीती. भीतीने हात कापतोय म्हणून फोन काढून घ्यायचा नसतो. शेजारी सरकून बसायचं असतं.

फोन कसा व्हायला हवा होता ते मला पाठ आहे. पाठ आहे म्हणूनच जास्त चिडचिड. कागद घ्यायचा. नंबर त्याच्याच अक्षरात, मोठ्या आकड्यांत. त्याखाली तीन ओळी: नाव, डिस्चार्ज कधी मिळाला, वेळ कशासाठी हवी. चौथी ओळ अडचणीच्या वेळची, "कारण डॉक्टरांनाच सांगेन, तुम्ही फॉलोअप एवढंच लिहा." ही ओळ सगळ्यात कामाची, कारण फोन फसतो तो इथेच. समोरून प्रश्न येतो, माणूस गडबडतो, "नंतर करतो" म्हणतो, आणि ते नंतर कधी उजाडत नाही. मग एकदा खोटाखोटा फोन. मी काउंटरवरचा, तो तो. मुद्दाम मध्येच "होल्ड करा" म्हणायचं आणि अर्धा मिनिट गप्प राहायचं. खऱ्या फोनवर हे होतंच, आणि त्या शांततेत मन फिरतं, बोट लाल बटणाकडे जातं. एकदा खोट्या फोनवर ती शांतता काढली की खरी तितकीशी अंगावर येत नाही. स्पीकर लावायचा तो म्हणाला तरच. मग खरा फोन. मी शेजारी, माझे हात माझ्या मांडीवर. मिळालेली तारीख त्यानेच लिहायची, त्यानेच पलीकडच्या माणसाला परत वाचून दाखवायची. ठेवल्यावर "शाबास" नाही म्हणायचं. "कसं गेलं?" विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत तोंड बंद.

पंधरा मिनिटं लागतात, वीस म्हणा. माझ्याकडे होती. पुढचा माणूस साडेतीनला येणार होता. म्हणजे वेळ नव्हता हेही कारण गेलं.

नव्या मुलांना मी स्वतः तीन पायऱ्या सांगतो. करून देणं, बरोबरीने करणं, तो करत असताना नुसतं बघणं. पहिल्या पायरीवर मोजक्याच गोष्टी ठेवायच्या. ओव्हरडोस, फिट, शुद्ध हरपणं, "आता जगायचं नाही" असं कोणी ठरवून बोलणं. तिथे परवानगी विचारत बसायचं नाही, ॲम्ब्युलन्सचा फोन आपणच लावायचा, ओपिऑइडचं, म्हणजे हेरॉइनसारख्या अफूच्या जातीतलं असेल आणि हाताशी नॅलोक्सोन (त्यावरचा उतारा) असेल तर तेही द्यायचं. (ओपिऑइडवाला नुकताच डिटॉक्स होऊन, म्हणजे अंगातली नशा उतरवून, बाहेर आला असेल तर दुप्पट सावध. शरीराची सहन करायची ताकद उतरलेली असते, आणि माणूस मात्र जुन्याच मापाने घेतो. पूर्वी ज्याने नुसती तलफ भागायची तोच डोस जीव घेतो.) ओपीडीची वेळ या यादीत कुठेच बसत नाही.

मग लावला का?

१९६५ साली फ्रँक रीसमन या अमेरिकी अभ्यासकांनी लिहून ठेवलंय की मदत घेणाऱ्याइतकाच, कधी त्याहून जास्त फायदा मदत करणाऱ्याला होतो. हेल्पर थेरपी म्हणतात त्याला. त्याच्या आधी तीस वर्षं, १९३५ साली, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची आपापसातली संघटना सुरू झाली तीही याच अनुभवावर. एक पिणारा दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलत राहिला की बोलणाऱ्याचंही टिकतं. प्रशिक्षणात हे आनंदाची बातमी असल्यासारखं सांगतात. आहेच ती. पण आज दुपारी हिशेब असा झाला की फोन लावल्यावर जी काही ताठ मान मिळायची होती ती मला मिळाली, आणि त्याच्या वाट्याला आभार मानणं आलं.

ग्रॅनफिल्ड आणि क्लाउड या अभ्यासकांनी १९९९ मध्ये 'रिकव्हरी कॅपिटल' हा शब्द आणला. व्यसनातून बाहेर पडून बाहेरच राहण्यासाठी माणसापाशी असलेलं सगळं भांडवल. घर, काम, नाती, तब्येत, आणि 'मला हे जमतं' हा विश्वाससुद्धा. याच्या खात्यात बहीण आहे, डोक्यावर छप्पर आहे, कामाचं अजून लटकलंय. विश्वासाचा रकाना जवळजवळ कोरा. आज त्यात एक नोंद पडू शकली असती. लहानशीच, पण त्याच्या नावावर. ती मी माझ्या नावावर करून घेतली.

बरं, नोंदीवरून आठवलं. दुपारच्या नोंदीत मी लिहिलंय, "ओपीडी अपॉइंटमेंटसाठी साहाय्य केले." काय सोयीचा शब्द आहे साहाय्य! त्यात कोणाचं बोट बटणावर होतं ते दिसतच नाही. पुढे दुसरा कोणी ही फाइल उघडेल तर त्याला वाटेल, हा गडी फोन करतो. मग तो याला नुसता नंबर देईल, हा फोन करणार नाही, आणि शेरा पडेल, "सहकार्य करत नाही." हे शेरे असेच तयार होतात. उद्या दुरुस्त करायचं. खाडाखोड करून नाही. खाली उद्याची तारीख घालून नवी ओळ: फोन मी लावला, तो शेजारी होता, पुढच्या वेळी त्याने लावायचा असं बोलणं व्हायचं आहे.

आणि हे सगळं कोण बघतंय? कोणीच नाही. कोणाच्या लेखी आपण काय आहोत हेच कळत नाही कधी कधी. डॉक्टरांसाठी आपण 'त्याला जरा समजावा'. समुपदेशकांसाठी आपण 'तो इकडे आला तर कळवा'. घरच्यांसाठी पहारेकरी, आणि ॲनॉनिमसच्या मीटिंगमधल्या जुन्या लोकांसाठी पगार घेऊन करणारा, म्हणजे स्पॉन्सरपेक्षा (नव्याला फुकट हात देणारा तिथला जुना माणूस) एक पायरी खालीच. स्पॉन्सरचं सोपं आहे असं नाही, पण त्याला फॉर्म भरावे लागत नाहीत, आणि तो आपल्या एका वाटेबद्दल बोलला तरी चालतं. आपण मात्र याची वाट मीटिंगची की गोळ्यांची की दोन्हीची, ते त्यालाच ठरवू द्यायचं, आपली वाट खिशात ठेवायची. १७९३ साली पिनेल हे फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात आले तेव्हा तिथल्या वेड्यांच्या विभागाचा कारभार बघणारे पुसँ हे त्याच रुग्णालयातले जुने रुग्ण होते, आणि बऱ्या झालेल्यांना ते हाताखाली कामाला घेत. म्हणजे धंदा सव्वादोनशे वर्षांहून जुना. टीमच्या बैठकीत खुर्ची मात्र अजून दाराजवळची.

आणि त्यात परवाचं ते... जाऊ दे. ते गुरुवारी सुपरव्हिजनमध्ये, वरिष्ठांपुढे.

वरचं वाचून मलाच हसू आलं. एक बाप्या माणूस रात्री अकराला एका अक्षरावरून गळा काढतोय. अरे, लोक 'च' कुठेही चिकटवतात. "तुम्हीच सांगा", "तुम्हीच बघा". त्याने कदाचित अदबीने लिहिलं असेल. कदाचित सोमवारचा फोन कामाच्या ठिकाणचा आहे म्हणून पोटात गोळा आला असेल, आणि फोन लावून देणारा एक माणूस आज दुपारीच सापडलाय, तर विचारून का बघू नये? मी असतो तर मीही विचारलं असतं. माझ्या एका फोनने त्याची रिकव्हरी कोसळते असं वाटणं हे त्या 'छान वाटलं'चंच सख्खं भावंड. दोन्हीकडे मधोमध मीच.

तर उद्या. आधी आकड्याचा प्रश्न. "शून्य ते दहा, सोमवारी फोन तू लावशील याची तुला किती खात्री?" समजा तो तीन म्हणाला. इथे नवखा माणूस हमखास घसरतो. "सात का नाही?" विचारतो, आणि समोरचा आपल्याला का जमणार नाही याची कारणं मोजायला लागतो, मोजता मोजता ती त्यालाच पटतात. विचारायचं असतं, "एक का नाही?" मग तो सांगतो, मालक तसा बरा आहे, मागे एकदा त्यानेच सांभाळून घेतलं होतं. हे त्याच्या तोंडून निघतं, आपण सांगावं लागत नाही. त्यावर एवढंच, "चार व्हायला काय लागेल?" मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगचं (बदलाची कारणं समोरच्याच्याच तोंडून काढायची बोलण्याची पद्धत) पहिलं लिखाण १९८३ मध्ये केलं, त्या घराण्यातला हा प्रश्न. वाचायला सोपा, विचारताना जीभ अजूनही साताकडेच वळते.

शून्य म्हणाला तर? तर सोमवारी फोनच नको. आधी त्याने मालकाला दोन ओळींचा मेसेज करावा, आणि मजकूर त्याचाच. पायरी उंच असेल तर मध्ये विटा लावायच्या, उचलून वर ठेवायचं नाही.

"मलाही सुरुवातीला असंच व्हायचं" हे सांगावं का, यावर बराच वेळ घोळतोय. सांगायचं तर दोन वाक्यं, आणि लगेच चेंडू त्याच्याकडे, "तुला यातलं काही जुळतंय का?" तिसऱ्या वाक्यापासून ते माझ्यासाठी असतं. आज दुपारनंतर मला माझ्या पहिल्या दोन वाक्यांचाही फारसा भरवसा नाही. बहुतेक नाही सांगणार.

आणि दुपारचं कबूल करायचं. "काल फोन मी घाईने घेतला, तुला विचारलं नाही" एवढंच, रडगाणं नको. मी माफी मागत बसलो तर तो मला समजावत बसेल, आणि पुन्हा काम त्याच्याच गळ्यात.

उत्तर लिहून ठेवलंय. "सोमवारी ये, कागद-पेन घेऊन. फोन तुझा, मी शेजारी." पाठवलेलं नाही. आठनंतर निरोप वाचायचा तो धोका आहे का एवढं बघायला, आणि नसेल तर उत्तर सकाळी नऊला, हा नियम त्याला पहिल्याच भेटीत सांगितलाय. आज निदान तेवढा तरी पाळतो. फक्त मी मेसेज उघडला तेव्हा निळ्या खुणा पडल्या. म्हणजे मी वाचलंय हे त्याला नऊ बारापासून दिसतंय, आणि आता अकरा वाजून गेलेत.